मृगातली एक हिरवी रेघ

इचलकरंजीत जानेवारीच्या रात्री नऊच्या सुमाराला गच्चीवर जा. मृग नक्षत्र लगेच सापडेल : चार ताऱ्यांचा चौकोन, मध्ये तीन ताऱ्यांचा बाण. बाणाच्या खाली तीन मंद ठिपके आहेत, त्यातला मधला जरा धुरकट दिसतो. तो मृगातला तेजोमेघ. याच धुरकट ठिपक्यावरून पुण्याच्या एका प्राध्यापकाने लंडनच्या बड्या शास्त्रज्ञाचं म्हणणं खोडून काढलं होतं, तेही १८९१ मध्ये!

त्यांचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला, जन्म १८५७. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना त्यांना भावनगरच्या महाराजांकडून पाच हजार रुपये मिळाले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुढे ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत आले. तिथं १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली.

तेव्हा नॉर्मन लॉकयर म्हणजे मोठं प्रस्थ. 'नेचर'चे संपादक, हेलियमच्या शोधातलं नाव. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असं ते मांडत. मेघाच्या वर्णपटातली ठळक हिरवी रेघ तापलेल्या मॅग्नेशियमची, हा त्यांचा पुरावा. तसं असेल तर रेघेची एक कड पुसट व्हायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून पाहिलं, तर रेघ दोन्ही बाजूंनी धारदार! त्यांनी तसंच छापून टाकलं. ती रेघ अतिविरळ वायूतल्या ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ साल उजाडलं.

१८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला जाऊन घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद पडली. २० इंची दुर्बिणीसह सगळं सामान कोडाईकनालला गेलं. १९३८ मध्ये ते वारले.

आता गंमत ऐका. त्याच मेघात १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीला तरुण ताऱ्यांभोवती वायू आणि धुळीच्या चकत्या दिसल्या. ग्रह तयार होतात ते अशाच चकत्यांत. चकतीतला वायू ताऱ्यावर पडत असतो. पण तो गरगर फिरतोय, सरळ पडणार कसा? फिरकी कुठंतरी सोडावी लागते. चुंबकी क्षेत्राच्या जोरावर सुटणारा वारा ती फिरकी बाहेर नेतो, असं आज अनेक संशोधक मानतात. शिवाय शेजारच्या प्रखर ताऱ्याचा अतिनील प्रकाश चकतीचा वायू उडवतो. काही दशलक्ष वर्षांत वायू संपतो. गुरूसारख्या ग्रहाला तेवढ्यातच वाढावं लागतं.

हा वारा ओळखतात कसा? बऱ्याचदा ऑक्सिजनच्याच एका रेघेवरून. ती किती रुंद, कुठं सरकली, एवढंच बघायचं. नायगमवालांनी हेच काम डोळ्यांनी केलं होतं. पण त्यांच्यामागे ते पुढं नेणारं पुण्यात कुणी तयार झालं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी फिजिक्स घेतलंय का?