भक्तवर गिरीशचंद्रांचा बकलमा

वंगीय रंगभूमीचे जनक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या गिरीशचंद्र घोष यांचा जन्म कलकत्त्यातील बागबाजार भागात २८ फेब्रुवारी १८४४ रोजी झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. पुढे तिशीत प्रथम पत्नीही निवर्तली. दिवसा इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढीवर हिशेब लिहावेत आणि रात्र नाटकमंडळींत घालवावी, असा क्रम चालला असता मद्यपान, स्वैर आचार आणि उद्दाम नास्तिकता यांनी त्यांना पुरते वेढले. बुद्धी प्रखर, वाणी त्याहून प्रखर. श्रीरामकृष्ण परमहंसांना त्यांनी प्रथम पाहिले ते शेजारच्या एका घरी. सायंकाळ झाली होती, दिवा आणून ठेवला होता, आणि परमहंस मात्र भावावस्थेत संध्याकाळ झाली काय म्हणून विचारीत होते. हे निव्वळ ढोंग, असा निकाल देऊन गिरीशचंद्र तेथून निघून आले.

यानंतर १८८४ च्या ऑगस्टात त्यांचे ‘चैतन्यलीला’ हे नाटक स्टार रंगमंदिरात आले. २१ सप्टेंबर रोजी ते पाहण्यास परमहंस स्वतः आले. गिरीशचंद्रांनी नमस्कार केला, परमहंसांनी उलट नमस्कार केला. पुन्हा यांनी केला, पुन्हा त्यांनी केला. हे कधी संपावयाचे नाही असे पाहून गिरीशचंद्रांनी शेवटचा नमस्कार मनातच केला आणि त्यांना वर नेऊन बसविले. या माणसाकडून हरण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

संतचरित्रांत बहुधा एका दर्शनाने पतिताचा पुण्यात्मा झाल्याचे वर्णन असते. येथे तसे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. सत्संग लाभल्यानंतरही मद्य चालूच राहिले. एका रात्री तर नाट्यगृहातच, मद्याच्या धुंदीत, गिरीशचंद्रांनी परमहंसांना तोंडाला येईल तशा शिव्या दिल्या. शिष्यवर्ग संतापला. परमहंसांनी मात्र गाडी जुंपावयास सांगितली आणि ते गिरीशचंद्रांच्या घरी जाऊन उभे राहिले. मद्य सोड, असे त्यांनी कधी बजावले नाही. रंगभूमी सोडू काय, या प्रश्नालाही नकारच दिला, कारण नाटकांनी लोकांचे कल्याण होत होते.

साधना कोणती करावी, असे गिरीशचंद्रांनी विचारले तेव्हा सकाळ-संध्याकाळ ईश्वराचे स्मरण करण्यास सांगण्यात आले. रात्री जागणाऱ्या, कामात बुडालेल्या त्या मनुष्याला तेवढेही वचन देववेना. मग भोजनापूर्वी आणि झोपण्यापूर्वी? तेही निश्चित सांगता येईना. खोटे वचन देण्यापेक्षा गप्प राहणे त्यांनी पत्करले. या प्रामाणिकपणाचे मोल फार आहे. तेव्हा परमहंसांनी बकलमा देण्यास सांगितले. जुन्या मराठी दस्तांच्या अखेरीस ‘बकलम’ हा शब्द आढळतो, त्याचाच हा वंगीय भाऊबंद. ज्याला सही करता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने आपल्या लेखणीने सही करावी, तसा आपला सारा भार गुरूवर सोपवावयाचा. गिरीशचंद्र आनंदाने घरी परतले. जप नाही, नियम नाही, बंधन नाही!

पण थोड्याच दिवसांत कुठल्याशा किरकोळ कामासंबंधी मी अमुक करीन, असे त्यांच्या तोंडून गेले. परमहंसांनी लगेच टोकले : भार दिल्यावर असे बोलता येत नाही, ईश्वराची इच्छा असेल तर होईल, असे म्हणावे. येथून खरी साधना सुरू झाली. जपाला संख्या असते, ती पुरी झाली की माळ ठेवता येते. येथे प्रत्येक पावलाला आणि प्रत्येक श्वासाला पाहावे लागे की हे त्याच्या बळावर चालले आहे की आपल्या अहंकाराच्या. गीतेच्या अठराव्या अध्यायातील शरणागती वाचावयास सोपी वाटते. गिरीशचंद्रांना ती दिवसातून शंभरदा नव्याने करावी लागली. बकलम्यात एवढे असेल याची आपल्याला कल्पना नव्हती, असे ते पुढे सांगत.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी गुरूंचे निर्वाण झाले. नंतर द्वितीय पत्नी गेली, लहानगा पुत्रही गेला. ज्याने सारा भार दिला त्याला तक्रारीचाही अधिकार उरला नव्हता. विरक्त होऊन सर्व सोडावे असे वाटले, तेव्हा श्रीसारदादेवींनी अनुमती दिली नाही. लेखनच करीत राहण्यास सांगितले. ते परतले, नाटके लिहू लागले. मद्य हळूहळू सुटले. जिभेची धार राहिली, पण तिच्यातील विष ओसरले. शेजारच्या गोरगरिबांना ते होमिओपॅथीची औषधे देऊ लागले.

उतारवयात दम्याने ग्रासले असतानाही १५ जुलै १९११ रोजी ते ‘बलिदान’ नाटकात करुणामयाच्या भूमिकेत उभे राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. त्या पावसातून आलेल्या प्रेक्षकांना परत पाठविणे त्यांना मानवेना. भूमिकेसाठी वारंवार उघड्या अंगाने रंगमंचावर जावे लागले आणि दुखणे बळावले. त्यानंतर ते पुन्हा रंगभूमीवर आले नाहीत. ८ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी देह ठेवला.