शिकारीची यात्रा सोडून धम्मयात्रेला निघालेला सम्राट

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. एका बाजूला अशोक विजयादशमीची: पंचशील ध्वज, पांढरी वस्त्रे, दीक्षाभूमीकडे निघणाऱ्या गाड्या. दुसऱ्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्यांची. दिवाळीपर्यंत अनेक गावे निम्मी रिकामी होतात. शिवारात तूर फुलायला लागते, ज्वारीचे कोवळे कोंब वर येतात आणि त्या हिरवळीवर काळविटांचे कळप उतरतात. रिकाम्या शिवारात जाळी आणि फासे लावणाऱ्यांनाही हे दिवस सोयीचे पडतात.

२०२५ च्या मार्चमध्ये शिरूर कासार तालुक्यातील हरणांच्या शिकारीची बातमी राज्यभर गाजली. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. आमच्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. अशा वेळी बौद्ध कार्यकर्त्याने कोणाच्या बाजूने उभे राहायचे? मरणाऱ्या हरणाच्या, पीक गमावणाऱ्या शेतकऱ्याच्या, की शिकारीची बातमी आली रे आली की ज्याच्या पालाकडे पहिले बोट जाते त्या पारध्याच्या? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एका माणसाचे आयुष्य पुन्हा वाचावेसे वाटले. तो माणूस स्वतः शिकारी राजांच्या घराण्यात जन्मला होता. त्याचे नाव सम्राट अशोक.

शिकारी राजांचे घराणे

अशोक हे चंद्रगुप्त मौर्यांचे नातू आणि बिंदुसारांचे पुत्र. चंद्रगुप्तांच्या दरबारी असलेल्या मेगॅस्थेनिस या ग्रीक वकिलाने राजाच्या शिकारीचे वर्णन केले होते आणि पुढच्या ग्रीक लेखकांनी ते जपून ठेवले. राजा शिकारीला निघाला की त्याच्याभोवती शस्त्रधारी स्त्रियांचा पहारा असे, बाहेर भालेकऱ्यांचे कडे असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेले असत. तो दोर ओलांडून आत येणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. पुढे ढोल आणि घंटा वाजत. कुंपण घातलेल्या रानात राजा मचाणावरून बाण सोडी, मोकळ्या रानात हत्तीवर बसून.

म्हणजे ही पोटासाठी केलेली शिकार नव्हती. तो सत्तेचा दिमाख होता. कुंपणात कोंडलेले जनावर, उंचावरचा राजा आणि खाली जीव मुठीत धरून उभी असलेली रयत. पावसाळा ओसरून नद्यांचे पाणी उतरले की राजे स्वारीलाही निघत आणि शिकारीलाही. धनुष्य तेच, फक्त समोरचे लक्ष्य बदलत असे.

या वातावरणात अशोक वाढले. तरुणपणी ते उज्जैनचा कारभार पाहत होते. त्याच काळात विदिशेच्या एका व्यापाऱ्याची मुलगी देवी त्यांच्या आयुष्यात आली. महेंद्र आणि संघमित्रा ही त्यांची मुले. बिंदुसारांच्या मृत्यूनंतर गादीसाठी झगडा झाला. अशोकांनी नव्याण्णव भाऊ मारले ही गोष्ट फार नंतरच्या ग्रंथांतली आहे. त्यांच्या स्वतःच्या शिलालेखात मात्र भावांच्या कुटुंबांचा उल्लेख येतो, म्हणून ती गोष्ट आम्ही जशीच्या तशी स्वीकारत नाही. इ.स.पू. २६८ च्या सुमारास त्यांचा राज्याभिषेक झाला.

कलिंग आणि त्यानंतरची दोन वर्षे

अभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा कलिंगचे युद्ध झाले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे बंदी करून नेली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे युद्धामागून आलेल्या हालांनी मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत. जिंकलेल्या राजाने ते स्वतः दगडावर कोरून घेतले आणि त्याबद्दल आपल्याला झालेला पश्चात्तापही कोरला. आपल्याच विजयाचा असा जाहीर हिशेब देणारे राजे जगात फार थोडे.

पण अशोक एका रात्रीत बदलले, असे आपण भाषणांतून सांगतो ते खरे नाही. लघुशिलालेखांत त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे की उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपला उत्साह बेताचाच होता. संघाच्या सहवासात गेल्यावर तो वाढला. यांपैकी एक लेख १९१५ साली मस्की येथे सापडला आणि शिलालेखांतला देवानांपिय राजा म्हणजेच अशोक हे त्यातून पक्के झाले. मस्की तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आपला बीड जिल्हाही त्याच राज्यात होता.

अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेले. आठव्या शिलालेखात त्यांनी या प्रवासाचे महत्त्व नोंदवले आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथे शिकार आणि तसल्याच करमणुकी चालत. आता तिची जागा धम्मयात्रेने घेतली. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांना भेटून मदत करणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्मावर बोलणे, हा नव्या यात्रेचा कार्यक्रम. पूर्वी रयत दोराच्या पलीकडे उभी असे. आता राजा तिच्याकडे चालत येऊ लागला. शिकार सोडण्याचा अर्थ अशोकांनी इतका मोठा केला होता.

महाराष्ट्रातील आपल्या माणसांनी तर हा लेख विशेष जपावा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकांच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. चौदा लेखांपैकी तो नेमका हा आठवा, शिकार सोडल्याचा लेख होता. त्याच परिसरात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपुरात धम्माचे चक्र पुन्हा फिरवले त्याच वर्षी.

दोन मोर आणि एक हरीण

पहिल्या शिलालेखात अशोकांनी स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेब मांडला आहे. पूर्वी तिथे रोज लाखो प्राणी मारले जात. लेख कोरला तेव्हा ती संख्या तीनवर आली होती: दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे हे तीन जीवही मारले जाणार नाहीत, अशी ग्वाही त्यांनी दिली.

आम्ही बीडकर हे वाचताना थबकतो. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे आणि हरणांचे कळप आमच्या माळांवर आहेत. सम्राटाच्या ताटात शेवटपर्यंत राहिलेले दोन्ही जीव आमच्या जिल्ह्याचे शेजारी आहेत.

पण या हिशेबातली खरी शिकवण आणखी पुढची आहे. अशोकांनी प्रजेला हुकूम सोडण्याआधी स्वतःचे स्वयंपाकघर तपासले. जे सुटले ते सांगितले आणि जे अजून सुटले नव्हते तेही लपवले नाही. अफगाणिस्तानात कंदाहार येथे १९५८ साली मिळालेला ग्रीक आणि अरामी भाषांतला लेख हाच क्रम सांगतो. आधी राजाने प्राणी मारणे टाळले, मग इतरांनी. राजाच्या पदरी असलेल्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनीही हिंसा थांबवली.

अभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर काढलेल्या स्तंभलेखात अनेक पशुपक्ष्यांना अभय मिळाले. गाभण किंवा पिल्लांना पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारायची नाही. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू मारायचे नाही. विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी रान पेटवायचे नाही. आज ज्याला वन्यजीव कायदा म्हणतात, त्याचा हा जगातील फार जुना नमुना आहे. मात्र ही सरसकट मांसबंदी नव्हती आणि कोणाच्या ताटात काय आहे हे पाहत फिरणाऱ्या टोळ्यांना तर तिच्यात मुळीच जागा नव्हती.

त्यानंतर वर्षभराने कोरलेल्या सातव्या स्तंभलेखात अशोकांनी आयुष्यभराच्या अनुभवाचे सार सांगितले. धम्म दोन मार्गांनी वाढतो, नियमाने आणि समजावण्याने. त्यांतला नियम दुबळा आणि समजावणे बळकट, असा त्यांचा निष्कर्ष होता. हातात अफाट सत्ता असलेल्या माणसाने हे लिहावे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

हरणामागे धावणारा दुसरा राजा

अशोकांच्या काळात पाटलिपुत्राला तिसरी संगीती झाली आणि मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी ठिकठिकाणी धम्मदूत पाठवले. महावंस सांगतो की महाधम्मरक्खित थेर महारट्ठात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आले. अशोकांच्या लेखांतील पेतेनिक म्हणजे पैठण परिसरातील लोक, असे काही अभ्यासक मानतात. पैठण म्हणजे गोदावरीच्या काठचे आमचे शेजारी.

महेंद्र थेर लंकेला गेले. ज्येष्ठ पौर्णिमेचा दिवस होता. लंकेचा राजा देवानंपिय तिस्स लवाजम्यासह शिकारीला निघाला होता. मिस्सक डोंगरावर त्याला एक सांबर दिसले. बेसावध जनावरावर बाण टाकणे राजाला शोभणार नाही म्हणून त्याने धनुष्याची दोरी वाजवली. सांबर पळाले, राजा मागे धावला आणि सांबराच्या जागी समोर उभे दिसले ते काषाय वस्त्रातले महेंद्र. राजाने धनुष्यबाण बाजूला ठेवला आणि संवाद सुरू झाला. लंकेतील धम्माची सुरुवात ही अशी, अर्ध्यात थांबलेल्या शिकारीतून झाली. तो डोंगर म्हणजे आजचे मिहिंतले.

बापाने शिकार सोडली आणि मुलाने दुसऱ्या राजाची शिकार थांबवली. महेंद्रांकडे शस्त्र नव्हते, सैन्य नव्हते. समजावण्याचे बळ तेवढे होते.

अशोकांचे शेवटचे दिवस कष्टात गेले, असे अशोकावदानात आहे. दान देता देता अधिकार गेला आणि अखेर हाती उरलेला अर्धा आवळाही त्यांनी संघाला दिला. इ.स.पू. २३२ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. पुढे देश त्यांची लिपीच विसरला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती वाचली तेव्हा दगड पुन्हा बोलू लागले. २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचे सिंह देशाचे बोधचिन्ह झाले. तथागतांनी जिथे पहिले प्रवचन दिले त्या मृगदायात, हरणांच्या अभयवनात, अशोकांनी तो स्तंभ उभारला होता.

मग आपण काय करायचे?

अशोक निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. तेराव्या शिलालेखात पश्चात्तापाच्या जोडीनेच रानातल्या लोकांना इशाराही आहे: राजा क्षमाशील आहे, पण शिक्षा करण्याची ताकद त्याच्याकडे आहे. जंगलात राहणाऱ्यांशी बोलताना सम्राटाचाही सूर कडक झाला. आजची सत्ता नेमका तेवढाच सूर उचलते आणि बाकीचा अशोक विसरते.

पारध्यांचे नावच पारधीवरून, म्हणजे शिकारीवरून पडले. त्यांच्यातील चित्तेवाले पारधी चित्ते पाळून संस्थानिकांसाठी काळविटांची शिकार घडवत. शिकारीचा शौक राजांचा, गुन्हेगारीचा शिक्का मात्र पारध्यांवर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा तो जाच ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावर संपला, लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. बाबासाहेबांनी बुद्धांची अहिंसा समजावताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. भुकेने लावलेला फासा आणि मौजेसाठी, पैशासाठी, दहशतीसाठी मारलेला कळप यांना एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून आम्हाला शिकारीचे समर्थन करायचे आहे असा अर्थ कोणी काढू नये. काळवीट आणि चिंकारा दोघेही १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. ती माणसाला व्हावी, जमातीला नव्हे.

तरुण मित्रांनो, या अशोक विजयादशमीला मिरवणुकीबरोबर तीन कामे घेऊ या. शिवारात जाळे किंवा फासा दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवू या. हरणांनी पीक खाल्लेल्या शेतकऱ्याला शासनाच्या भरपाईचा अर्ज भरून देऊ या, कारण त्याचा राग थांबला तरच हरीण वाचेल. आणि जवळच्या पारधी वस्तीवर जाऊन मुलांच्या शाळेची, दाखल्यांची विचारपूस करू या.

हरीण, शेतकरी, पारधी, तिघांकडे चालत जावे लागेल. अशोकांची धम्मयात्रा तरी याहून वेगळी कुठे होती?

नमो बुद्धाय! जय भीम!