रूडॉल्फ उलेनहाउट

यंत्रांत बिघाड झाला असतां दूर बसून दोष देणारे पुष्कळ. परंतु स्वतः त्यावर आरूढ होऊन दोषाचें मूळ शोधणारा विरळा. रूडॉल्फ उलेनहाउट हे अशा विरळा पुरुषांपैकीं एक होत.

त्यांचा जन्म १५ जुलै १९०६ रोजीं लंडन येथें झाला. पिता जर्मन व माता इंग्रज. म्यूनिक येथें यंत्रशास्त्राचें अध्ययन करून १९३१ सालीं ते डाइमलर-बेंझ कंपनींत रुजू झाले. १९३६ सालीं ह्या कंपनीच्या मर्सेडीज मोटारी शर्यतींत वारंवार पराभूत होऊं लागल्या. हंगाम संपण्यापूर्वींच कंपनीस माघार घ्यावी लागली. अशा बिकट प्रसंगीं सुधारणेचें काम तीस वर्षांच्या उलेनहाउट यांजवर सोंपविण्यांत आलें.

शर्यतीची मोटार हांकण्याचा त्यांस अनुभव नव्हता. तरीही न्यूरबुर्गरिंगच्या अवघड डोंगरी मार्गावर ते स्वतः मोटार घेऊन गेले व पुनःपुन्हां फेरे करून तिची वर्तणूक न्याहाळूं लागले. तेव्हां खरें मर्म ध्यानीं आलें. मोटारीच्या स्प्रिंगा अतिशय ताठ होत्या व सांगाडा मात्र लवचिक होता. उंचवटा लागतांच स्प्रिंग दबण्याऐवजीं सांगाडाच वांके, चाकांची दिशा चळे व तीं जमिनीवरून उडत. चाक अधांतरीं असतां इंजिनाचें बळ काय कामाचें?

वेगवान मोटारीस ताठ स्प्रिंगाच हव्यात, असा त्या काळीं समज होता. उलेनहाउट यांनीं नेमकें उलट केलें. १९३७ च्या नव्या मोटारीस लंबवर्तुळाकार पोलादी नळ्यांचा भक्कम सांगाडा दिला, स्प्रिंगा मऊ केल्या, चाकांस वरखालीं होण्यास पुष्कळ वाव ठेविला आणि स्प्रिंगांचे हेलकावे आवरण्यासाठीं तेलाच्या दाबावर चालणारीं उपकरणें बसविलीं. चाकें आतां रस्ता सोडीनात. त्या वर्षीं ट्रिपोली येथील पहिल्याच शर्यतींत हर्मान लांग विजयी झाले व काराचिओला यांनीं युरोपचें अजिंक्यपद मिळविलें.

महायुद्धानंतरही त्यांनीं उत्तम मोटारी घडविल्या. १९५५ सालीं ल मां येथें भीषण अपघात होऊन ऐंशींहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्याच वर्षाअखेर कंपनीनें शर्यती सोडल्या. उलेनहाउट १९७२ सालीं निवृत्त झाले व १९८९ सालीं निवर्तले. त्यांच्या नांवानें ओळखली जाणारी एक मोटार २०२२ सालीं १३ कोटी ५० लक्ष युरोंस विकली गेली. तें द्रव्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे लावण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रांनो, रूढ समजुतीपुढें मान न तुकवितां प्रत्यक्ष अनुभवाची कांस धरावी, हाच ह्या चरित्राचा बोध होय.