सुई, तार आणि नळी

कसारा मार्गावरील खर्डीसारख्या गावातून लोकलने परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठणाऱ्या यकृताच्या कर्करुग्णांपैकी अनेकांची गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी नसते. अशांपैकी काहींच्या जांघेतील धमनीत छोटेसे छिद्र पाडून एक बारीक नळी थेट यकृतापर्यंत नेली जाते आणि औषध गाठीतच सोडले जाते. पोट न फाडता हे साध्य झाले, त्याचे मोठे श्रेय स्वीडनमधील क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांना जाते.

सेल्डिंगर यांचा जन्म १९२१ साली मोरा या स्वीडनमधील छोट्या गावी झाला. त्यांच्या घराण्याचा यंत्रशाळेचा व्यवसाय होता. हत्यारे आणि धातू यांच्याशी असलेला हा घरोबा पुढे त्यांच्या कामी आला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते क्ष-किरणशास्त्राकडे वळले.

त्या काळी रक्तवाहिन्यांचे चित्र घेणे हे जिकिरीचे काम होते. धमनीत नळी घालायची, तर ती सुईच्या पोकळीतून सरकवावी लागे. साहजिकच सुई नळीपेक्षा जाड हवी आणि जाड सुईने झालेल्या जखमेतून रक्तस्रावाचा धोका मोठा. दुसरा मार्ग धमनी शस्त्राने उघडण्याचा. सेल्डिंगर यांचे पहिले प्रयत्नही फसले. एका अपयशानंतर हातात सुई, तार आणि नळी घेऊन ते खिन्न उभे होते; तेव्हाच त्यांना उमगले की, चुकतो आहे तो केवळ क्रम. आधी बारीक सुई धमनीत घालायची, तिच्यातून लवचिक तार पुढे सरकवायची, सुई काढून घ्यायची, तारेवरून नळी आत न्यायची आणि शेवटी तार काढायची. छिद्र नळीएवढेच राहते. १९५३ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी हे तंत्र शोधनिबंधाद्वारे जगापुढे मांडले.

मात्र डॉक्टरेटसाठी हे काम अपुरे असल्याचे त्यांच्या वरिष्ठांचे मत पडले. कल्पना फारच साधी होती! सेल्डिंगर यांनी वाद घातला नाही. त्यांनी पित्तमार्गाच्या क्ष-किरण तपासणीवर नव्याने संशोधन केले आणि १९६६ साली त्यावर प्रबंध सादर केला. पुढे ते आपल्या मोरा गावी परतले व तेथील रुग्णालयात क्ष-किरण विभाग सांभाळू लागले.

दरम्यान त्यांच्या तंत्राने जग जिंकले होते. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. निरोगी पेशी मुख्यत्वे प्रतिहारी शिरेवर जगतात, तर कर्काची गाठ बहुतांशी धमनीवर पोसली जाते. हा भेद हेरून जपानमधील ओसाकाचे डॉ. र्‍यूसाकू यामादा व सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस धमनीतून औषध सोडून तिचा प्रवाह रोखण्याचा उपचार रूढ केला. औषध गाठीत टिकते, गाठीची रसद तुटते आणि उर्वरित यकृत बहुतांशी तगून राहते. निवडक रुग्णांचे आयुष्य यामुळे वाढते, हे २००२ साली बार्सिलोना व हाँगकाँग येथील चाचण्यांनी सिद्ध केले. हा उपचार सर्वांना चालत नाही. यकृताची शक्ती पुरेशी शिल्लक असावी लागते. गाठ समूळ नष्ट होण्याची हमीही नसते. तरीही शस्त्रक्रियेचा मार्ग बंद झालेल्यांना तो काही काळ मिळवून देतो.

१९९८ साली सेल्डिंगर यांचे निधन झाले. हृदयाच्या धमन्यांच्या तपासणीपासून अतिदक्षता विभागातील शिरेत घातलेल्या नळीपर्यंत त्यांचे तंत्र आज जगभर रोज वापरले जाते. ज्या कल्पनेला पदवीच्या लायक मानले गेले नाही, तिने असंख्य रुग्णांची शस्त्राच्या घावातून सुटका केली.