विल्यम विल्बरफोर्स : गुलामांच्या घामावरच्या संपत्तीला हरवणारी निवडणूक

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारे विल्यम विल्बरफोर्स यांचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरात व्यापारी कुटुंबात झाला. एकविसाव्या वर्षी ते खासदार झाले. १७८४ पासून ते यॉर्कशायर या मोठ्या काउंटीचे प्रतिनिधी होते. १७९१ मध्ये हा व्यापार बंद करण्याचा त्यांचा प्रस्ताव संसदेने १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला. ते खचले नाहीत. मार्च १८०७ मध्ये अखेर कायदा झाला.

दोनच महिन्यांत निवडणूक आली. यॉर्कशायरच्या दोन जागांसाठी तिघे उभे राहिले. हेन्री लासेल्स यांच्या घराण्याचे बार्बाडोसमध्ये उसाचे मळे होते आणि तिथे गुलाम राबत होते. लॉर्ड मिल्टन हे धनाढ्य फिट्झविल्यम घराण्याचे वारस. या दोघांचा मिळून खर्च सुमारे दोन लाख पौंडांवर गेला.

मतदान पंधरा दिवस चालले, तेही फक्त यॉर्क शहरात. गुप्त मतदान नव्हते. सर्वांसमक्ष नाव सांगून मत द्यावे लागे, त्यामुळे कोणी कोणाला मत दिले हे जमीनदाराला कळत असे. प्रतिस्पर्ध्यांनी गाड्या-घोडे आधीच भाड्याने घेऊन ठेवले होते. विल्बरफोर्स यांचे समर्थक खटारा, होडी, जे मिळेल त्याने आले. कित्येक जण पायी आले. त्यांचा सुमारे २८ हजार पौंडांचा खर्च लोकवर्गणीतून भागला.

निकाल लागला : विल्बरफोर्स ११,८०८, मिल्टन ११,१७७, लासेल्स १०,९९०. मळेवाल्यांच्या घराण्याचा उमेदवार पडला.

मात्र हा विजय अपुरा होता. वर्षाला किमान चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्या पुरुषांनाच मताधिकार होता. स्त्रिया, भूमिहीन मजूर आणि ज्यांच्या मुक्तीचा प्रश्न होता ते गुलाम, यांना मतच नव्हते. व्यापार थांबला, गुलामगिरी चालूच राहिली. ती मोडायला गुलामांचे स्वतःचे उठावही कारणीभूत ठरले. १८३१ च्या अखेरीस जमैकात हजारो गुलाम उठले.

२९ जुलै १८३३ रोजी विल्बरफोर्स यांचे निधन झाले. त्याच वर्षी गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. त्यात मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली, गुलामांना एक पैसाही नाही.

म्हणून या चरित्रातून एकट्या विल्बरफोर्स यांचे मोठेपण तेवढे घ्यायचे नाही. जमीनदाराच्या डोळ्यांदेखत उभे राहून, न विकता मत देणारा सामान्य माणूसही लक्षात ठेवायचा. आज आपले मत गुप्त आहे आणि ते प्रत्येकाला आहे. मग ते विकायचे कशाला?