मूर्ख रोपांचे रसायन : तेइजिरो याबुता

आमच्या तलमडुगुकडे मोड आलेली ज्वारी चावली की गोड लागते. त्याचे कारण शोधताना मी जपानी रसायनशास्त्रज्ञ तेइजिरो याबुता (१८८८-१९७७) यांच्यापर्यंत पोहोचलो. त्यांच्या देशात भाताची काही रोपे भलतीच उंच वाढून मरत. शेतकरी त्यांना मूर्ख रोपे म्हणत. हा प्रताप एका बुरशीच्या स्रावाचा, हे कुरोसावांनी १९२६ मध्ये दाखविले. टोकिओत प्राध्यापक असलेल्या याबुतांनी १९३५ मध्ये त्यातील द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. १९३८ मध्ये सुमिकींसह त्याचे स्फटिकही मिळविले. शोध चालला होता पिकाच्या विषाचा! १९६० च्या सुमारास, याबुता हयात असतानाच, कळले की जवाच्या दाण्यातील भ्रूण त्याच कुळातले संप्रेरक स्वतः बनवतो. त्याच्या इशाऱ्याने विकर तयार होते आणि पिठाची साखर होते. साखर फार साठली, की विकराची निर्मिती मंदावते.