यंत्र आणि मेंदू जोडणारा गणिती

अमेरिकी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर (१८९४-१९६४) यांनी १८व्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांच्या नियंत्रणावर काम करताना त्यांच्या लक्षात आले, की स्वतःची चूक मोजून सुधारणारे यंत्र गरजेपेक्षा जास्त सुधारणा करू लागले, तर हेलकावे खाते. माणसातही असे होते का? लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचा हात वस्तू उचलताना असाच थरथरतो, असे शरीरक्रियातज्ज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी सांगितले. या विचारातून १९४८ मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ आला. रक्तातील साखर पाहून इन्सुलिन सोडणारा आजचा पंप याच तत्त्वावर चालतो. युद्धानंतर मात्र क्षेपणास्त्रांसाठी आपले संशोधन देण्यास वीनर यांनी जाहीर नकार दिला. यंत्रावर ताबा कोणाचा, हा प्रश्न त्यांना गणिताइतकाच महत्त्वाचा वाटे.